दारापेक्षा मोठी कणगी

धान साठवायची बांबूची कणगी दारातून आत जाईना. उभी जाईना, आडवी जाईना. तिरकी केली तर तिचं पोट चौकटीत असं रुतलं, की बाहेर ओढायलाच निम्मं गाव लागलं.

शेवटी ती अंगणात उभी केली आणि सगळे तिच्याभोवती जमले. माणसापेक्षा हातभर उंच, ओल्या बांबूचा वास असलेली, नवी कोरी. तिला बूड नव्हतं. घरात जागेवर ठेवायची आणि खालची कड शेणमातीनं जमिनीला लिंपून घ्यायची, ही इकडची रीत. लटारूभाऊंनी ती याच अंगणात जांभळाखाली बसून विणली होती. ते विणत होते तेव्हा समोर जलालुद्दीन मिस्त्री भिंती चढवत होते. दोघं रोज एकमेकांचं काम पाहत, चहा वाटून घेत. माप मात्र कोणी कोणाला विचारलं नव्हतं.

माप दोघांनाही घराच्या मालकीण अन्नपूर्णाबाईंनीच दिलं होतं. लटारूभाऊंना म्हणाल्या, कणगी मोठी करा, यंदा पीक चांगलं आहे. मिस्त्रींना म्हणाल्या, दार लहान ठेवा. पुरात पडलेली घरं पुन्हा बांधायला मदत करणाऱ्या संस्थेचा इंजिनियर निकेश तेव्हा मोठ्या दाराच्या बाजूनं बरंच बोलला होता. बाईंचं म्हणणं एकच होतं: वैनगंगेचं पाणी मागच्या खेपेस दारातूनच आत आलं. मग निकेशनं नकाशात दार लहान केलं. पूर ओसरल्यावरच्या बैठकीत तोच बोलून गेला होता, "घर तुमचं, ठरवायचं तुम्ही. आम्ही फक्त मदतीला." असं बैठकीत सगळेच बोलतात. याच्यावर ते पाळायची वेळ आली, कारण अन्नपूर्णाबाईंनी ते नीट ऐकून घेतलं होतं.

आता उद्या घरावर छपराच्या टिना चढणार होत्या. धान कापणीला आला होता, आणि कणगी बाहेर राहिली तर तो ठेवायचा कुठे, हा प्रश्न होता.

"बाई, दाराची एक बाजू फोडून वाढवून घेऊ," निकेश हळूच म्हणाला. 'मी सांगितलं होतं' हे त्यानं गिळलं, ते दिसलं.

मिस्त्रींनी हातातली थापी खाली ठेवली. "चौकट कालच बसवली, सर. भिंत ओली हाये. छिन्नी लावली त पूरा कोना हलन."

"मंग कणगी कापा," कोणीतरी मागून म्हणालं.

"कापलेली कणगी धान धरत नाई," लटारूभाऊ म्हणाले, आणि तिच्यावर हात ठेवून उभे राहिले.

"मी त पयलेच म्हनलो होतो," सोमाजी म्हणाले. हे अन्नपूर्णाबाईंचे यजमान. सकाळपासून त्यांनी एकाही वस्तूला हात लावला नव्हता आणि एकही सूचना शिल्लक ठेवली नव्हती. पहिले काय म्हणाले होते, ते कोणी विचारलं नाही.

शेजारच्या आशाबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. त्यांच्या स्वतःच्या घराचं अजून जोतंच भरत होतं. म्हणजे चुका करायला त्यांना भरपूर जागा होती.

"काऊन वो अन्नपूर्णा, आता कणगी आभाळातून सोडतं का?"

सगळे हसले. अन्नपूर्णाबाई हसल्या नाहीत. त्यांनी वर पाहिलं. चारी भिंती उभ्या होत्या आणि त्यांच्यावर नुसतं ऊन होतं.

"मिस्त्री, टिना उद्याच ना?"

"उद्याच."

"मंग आजचा दिवस आभाळ आपलंच हाये. परांची इकडं घ्या."

त्यांनी निकेशकडे पाहिलं. परवानगीसाठी नव्हे, तो उंच होता म्हणून. निकेशनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि परांचीवर चढला.

"भिंतीले कोनी टेकाचं नाई," मिस्त्रींनी बजावलं. "टेकन त्याले मी इटेच्या जागी लावन."

दोर बांधले गेले. सोमाजी आत जाऊन सारवलेल्या कोपऱ्यात उभे राहिले. म्हणे, खालून पाहणारा कोणीतरी पाहिजे. कणगी वर गेली आणि वरातीत नाचणाऱ्या मामासारखी डोलत भिंतीच्या वरून पलीकडे झाली.

"डावीकडं," आतून आवाज. "अजून. हं. आता सोडा. बिनधास्त सोडा."

सोडली. धप्प झालं. निकेशनं वरून वाकून पाहिलं. कणगी बरोबर कोपऱ्यात बसली होती, बोटभरही इकडेतिकडे नाही. फक्त सोमाजी कुठे दिसत नव्हते.

"आता थोडी उजवीकडं," कणगी बोलली.

परांची हसण्यानं हलू लागली. भिंत, भिंत, असं ओरडता ओरडता मिस्त्री स्वतःच विटांच्या ढिगावर बसले आणि डोळे पुसू लागले. आशाबाईंनी तोंडाला पदर लावला. "कणगीत पयलं माप पडलं वो," त्या पदरातूनच म्हणाल्या.

निकेशच्या हातात दोर तसाच होता. "वर ओढू का, बाई?"

अन्नपूर्णाबाई आपल्या लहान दारातून आत आल्या. कणगीभोवती एक फेरी मारून त्यांनी बांबूवर बोटांनी वाजवून पाहिलं. आतूनही कोणीतरी वाजवलं.

"राहू द्या घडीभर," त्या म्हणाल्या. "पुरात घरातलं समदं गेलं. एवढंच त वाचलं होतं."

मग त्या खाली बसल्या, शेणमातीचं घमेलं पुढं ओढलं, आणि कणगीची खालची कड लिंपायला लागल्या.