काचेनं रडायचं नसतं

"दुभाषी? नेपाळी? सुटलो बाई! या, या आत."

नर्सनं तुलसाच्या गळ्यातलं ओळखपत्र वाचलं न वाचलं आणि तिला लिफ्टच्या दारातूनच जवळजवळ ओढत नेलं. तुलसा भट्टराईनं चालता चालता मोबाइल बंद केला. परीक्षेला आलं की पहिलं ते करायचं, एवढं तिला दोनदा नापास होऊन पाठ झालं होतं.

परीक्षा दर वेळी याच रुग्णालयाच्या एखाद्या रिकाम्या खोलीत असे. डॉक्टर खोटा, पेशंट खोटी. पहिल्या वेळी तुलसानं त्या खोट्या पेशंटला पाणी आणून दिलं. दुसऱ्या वेळी बाई रडायला लागली, तर तुलसा तिच्या गळ्यात पडून तिच्याहून मोठ्यानं रडली.

"अगं, दुभाषी म्हणजे खिडकीची काच," शिकवणाऱ्या डोरीनबाईंनी कपाळाला हात लावला होता. "काचेनं रडायचं नसतं. ते तुला मुद्दाम हलवून बघणार. या वेळी गेलीस ना, तर परत बसू देणार नाहीत."

म्हणजे जन्मभर कोंबड्या कापायचा कारखाना. तिथे कानांत बोळे घालून उभं राहायचं. शिफ्टभर कुणी कुणाशी बोलत नसे. नवरा नेपाळमधल्या निर्वासितांच्या छावणीतच वारला. मुलगा टेक्ससला. अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनच्या दोन खोल्यांत तुलसा आरशासमोर उभी राहून डॉक्टर व्हायची, पेशंट व्हायची, मग दुभाषी. शेजारीण एकदा म्हणालीही, "तुमच्याकडे रोज पाहुणे असतात वाटतं?"

"हो ना," तुलसा म्हणाली. "चहा करून करून जीव जातो."

या वेळची पेशंट छान निवडली होती. पंच्याहत्तरीची म्हातारी, नाकात फुली, टाचांना भेगा. भेगासुद्धा! कुणी रंगवल्या कोण जाणे. कोपऱ्यात एक मुलगी मांडीवर पॅड घेऊन लिहीत होती. परीक्षकच ती; तुलसानं तिच्याकडे बघायचं टाळलं.

डॉक्टरांनी घसा खाकरला. "आजार यकृतात पसरलाय. आता औषधांचा उपयोग नाही. मी त्रास तेवढा कमी करू शकतो."

तुलसानं ते नेपाळीत सांगितलं. 'डॉक्टर म्हणतात' असं नाही; नियमाप्रमाणे 'मी'च. आवाज जराही हलला नाही.

म्हातारी डॉक्टरांकडे बघेचना. "छोरी, बेलडांगीच्या छावणीतली का गं तू?"

हा सापळा. तुलसा डॉक्टरांकडे वळली आणि इंग्रजीत म्हणाली, "छोरी, बेलडांगीच्या छावणीतली का गं तू?"

"मी?" डॉक्टर गोंधळले. "मी क्लीव्हलंडचा."

"मी क्लीव्हलंडचा," तुलसानं म्हातारीला सांगितलं.

"थट्टा करतेस होय गं म्हातारीची?" ती खुदकन हसली. मग हसता हसताच तिचा चेहरा वाकडा झाला. "दसैंला पोरांना टीका लावायला असेन ना मी? विचार की त्याला."

"दसैंला पोरांना टीका लावायला असेन ना मी? विचार की त्याला."

दसऱ्याच्या टिळ्याला अजून चार महिने होते. डॉक्टरांनी फाइल मिटली. "मला नाही वाटत."

"मला नाही वाटत," तुलसा म्हणाली.

म्हातारीनं चादरीतून हात बाहेर काढला. "माझी माणसं सगळी तिकडेच राहिली. इथे कुणी नाही गं मला. जरा हात धर."

बाई कसलेली होती. तुलसानं दोन्ही हात पाठीमागे बांधले, एक पाऊल मागे सरकली आणि शब्दाला शब्द इंग्रजीत सांगितलं. जरा हात धर, हेसुद्धा.

डॉक्टरांनी चादरीवर थोपटल्यासारखं केलं. कोपऱ्यातली मुलगी लिहायची थांबली होती. आजच्यापुरतं एवढंच, असं डॉक्टर म्हणाले. म्हातारीचा हात तसाच पुढे होता.

बाहेर आल्यावर तुलसाचे पाय हलके झाले. जमलं. काच म्हणजे काच! हे कुणाला तरी सांगायला हवं म्हणून तिनं मोबाइल सुरू केला. कुणाला, हे सुचायच्या आतच तो वाजला.

"अगं तुलसा, आहेस कुठे?" डोरीनबाई ओरडत होत्या. "परीक्षक खोळंबलेत इथे. तुझी पेशंट तर गाऊन घालून, रडायची तयारी करून कधीची बसलीय!"