तबल्याचं मशीन

"काका, आता तुमच्या हाताले आराम," म्हणत गजेंद्रने तबल्याचं नवंकोरं मशीन मोतीरामकाकांच्या जागेवरच मांडलं. काकांनी आपला तबला गुपचूप मागे सरकवला. रविवारी सुलतानपूरला भजन स्पर्धा होती आणि बारा वर्षांत पहिल्यांदाच जानेफळच्या मंडळात काकांना जागा उरली नव्हती.

दोष काकांचाच, असं गजेंद्रचं ठाम मत होतं. ऐन अंतऱ्यात त्यांची लय पडते. दर स्पर्धेत परीक्षक तिथेच बोट ठेवत आणि मंडळ हात हलवत परत येई. गजेंद्रने आपल्या बाजूने काही कमी केलं नव्हतं. आतापर्यंत त्याचे चार कीबोर्ड झाले होते. चौथ्यात सहाशे आवाज होते. वाजे त्यातला एकच, पेटीचा. पहिल्या तिन्हींच्या रिकाम्या खोक्यांत त्याच्या बायकोने, सुचिताने, कुरड्या भरून ठेवल्या होत्या. "वस्तू घरात आली का तुमचा रियाज झाला," ती म्हणे. जुनं विकताना मोबाईलवरच्या जाहिरातीत तो दर वेळी लिही, 'विकण्याचं कारण : जागा कमी.' घर चांगलं पाच खोल्यांचं होतं.

त्याने बटण दाबलं. ठेका सुरू झाला, अगदी घड्याळासारखा. मंडळाच्या मुख्य गाणाऱ्या अंबूबाईंनी भजन उचललं, गजेंद्रची बोटं कीबोर्डवर फिरू लागली. अंतरा आला आणि सगळं विस्कटलं. ठेका पुढे, पेटी मागे, अंबूबाई मधेच.

"पुन्हा एकदा," गजेंद्र म्हणाला. पुन्हा तेच झालं. त्याने मशीनचा वेग कमी केला. भजन रांगू लागलं, आणि त्याच जागी पुन्हा घसरलं.

"गजू, मशीन पळून राह्यली, का तूच मांगं राह्यला?" अंबूबाईंनी विचारलं. मंडळी हसली. काका तेवढे हसले नाहीत.

चौथ्या खेपेला गजेंद्रचं लक्ष काकांकडे गेलं. काका मांडीवर बोटांनी ठेका धरून बसले होते. अंतरा आला, गजेंद्रची करंगळी वरचा स्वर शोधू लागली, आणि बरोबर त्याच क्षणी काकांची बोटं थबकली. करंगळीला स्वर सापडला, तशी काकांची बोटं पुन्हा चालू लागली.

गजेंद्रने मशीन बंद केलं. "काका, तुमी तिथं थांबता काऊन?"

"तू तिथंच अडकतं ना बाप्पा. बारा वर्सं झाले." काका खाली बघत म्हणाले, "म्या थांबलो नसतो, त लोकं तुले हसले असते. मले बोल लावतात, लावू दे. म्हाताऱ्याचं कोनी मनावर घेत नाही."

गजेंद्रला फार लाज वाटली. त्याने मशीन उचललं, तबला स्वतःच्या हाताने पुढे आणून ठेवला आणि म्हणाला, "काका, तेवढा अंतरा माह्याकून धा वेळा घ्या. अन् आता थांबू नका."

काकांनी तबल्यावर थाप दिली. पहिल्या तीन वेळा तरी ते थांबलेच.

घरी आल्यावर गजेंद्रने मशीनचा फोटो काढून जाहिरात टाकली. 'एकदाच वापरलेलं. कसलाही दोष नाही.' कारणाच्या रकान्यात त्याने सवयीने 'जागा कमी' लिहिलं, मग पुसलं, आणि लिहिलं, 'कोणासाठी थांबत नाही.'