चुलीजवळचा तुकडा

"पॅनेलचा नमुना इथेच असायचा, मॅडम. टेबलावर. कोणी उचलला काय माहीत!" ठेकेदार मेहुल टेबलाखाली वाकून पाहू लागला.

रिद्धीचा विश्वास बसला नाही. बोईसरच्या या नव्या प्रसूतिगृहाला वरपर्यंत राखाडी पॅनेल लावलं होतं. दोन बाजूंना ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, मधे गाभा. गाभा साध्या प्लॅस्टिकचा असेल तर आग भिंतभर चढते. खनिजाचा असेल तर पॅनेल नुसतं काळवंडतं. कडा सिलिकॉनने बंद होत्या, त्यामुळे गाभा दिसत नव्हता. आगीची तपासणी करून सही तिला करायची होती, आणि तिची बहीण हेमाली इथेच बाळंत होणार होती.

"उद्या एक पॅनेल उतरवा."

"उतरवतो की."

"कापून उरलेले तुकडे कुठे आहेत?"

"कामगार नेतात घरी. कोंबड्यांची खुराडी करतात," मेहुल हसला.

पॅनेल बसवणारा रामू दांडी गावचाच, रिद्धीचा शेजारी. संध्याकाळी ती त्याच्या अंगणात गेली. त्याची बायको चंद्रकांता चुलीपुढे बसली होती. खाडीकडच्या वाऱ्याला आड म्हणून राखाडी पॅनेल उभं केलेलं.

"काकी, हे प्रसूतिगृहावरून आणलंय?"

"तितलंच हाय. का, परत नेतेस काय?"

रिद्धीने चुलीतलं पेटतं लाकूड काढून पॅनेलच्या कापलेल्या कडेला धरलं. बराच वेळ धरलं. कड काळी पडली. वितळली नाही, गळली नाही.

"काय गो, माजी चूल विजवतेस?"

रिद्धी हसली. तुकडा ठेकेदाराने हातात दिलेला नव्हता, म्हणून तिला तो खरा वाटला. सकाळी तिने सही केली. पॅनेल उतरवायला लावलं नाही.

हेमालीला त्याच प्रसूतिगृहात मुलगी झाली. चंद्रकांता बघायला आली, तेव्हा खिडकीच्या वर नावाच्या पाटीचं वेल्डिंग चाललं होतं. काचेपलीकडून ठिणग्या ओघळत होत्या.

"ताई, भीती वाटते गं," हेमाली म्हणाली.

"काही होत नाही. ही पॅनेलं पेटत नाहीत. काकीच्या चुलीपाशी बघितलंय मी."

चंद्रकांताने मांडीवरच्या बाळाचं टोपरं सारखं केलं.

"तो तुकडा होय? तो शेटच्या टेबलावरचा गो. या भिंतीवरचे आमी पैले नेलेले, ते मेणासारके गळून पेटले."