दुसरी प्रत

"परत?" आजींनी विचारलं.

"एकदाच, आजी. शेवटचं," डायरेक्टर म्हणाला.

कालही त्यानं असंच सांगितलं होतं, की एकदाच सांगा, पुन्हा कोणी विचारणार नाही. आजींनी ते खरं मानलं, आणि बत्तीस वर्षं सख्ख्या नवऱ्यालाही न सांगितलेलं त्याच्या कॅमेऱ्याला सांगून टाकलं. कारखान्यामागच्या खोल्यांना आग लागली, त्यात आजींच्या दोन्ही मुली गेल्या, एवढं सगळ्यांनाच ठाऊक होतं. दाराला बाहेरून कुलूप होतं, ते आजींनीच लावलं होतं आणि किल्ली त्यांच्याबरोबर कामावर गेली होती, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. किल्लीचं सांगताना काल त्या थांबल्या होत्या. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून नुसत्या बसून राहिल्या होत्या. चार वर्षं ज्या सिनेमासाठी डायरेक्टरनं जिवाचं रान केलं, तो त्या थांबण्यात होता. त्याला ते तिथंच कळलं होतं.

आणि मग शहाण्यानं काय करावं? संध्याकाळी कॅमेऱ्याच्या कार्डातलं सगळं एका हार्ड डिस्कवर घेतलं, इथवर ठीक. दुसऱ्या डिस्कवर त्याची प्रत करायची, ती मात्र राहिली. सकाळी उजेड फार सुंदर पडला म्हणून कार्ड पुसून त्यावर समोरच्या छपरावरची कबुतरं काढली. चाळीस मिनिटं कबुतरं! मग चहा पिता पिता त्याला प्रत आठवली. या डिस्कवर आहे तसंच हुबेहूब त्या डिस्कवर कर, असा हुकूम त्यानं लॅपटॉपला सोडला. फक्त भरलेली कोणती आणि कोरी कोणती, यात गफलत झाली. लॅपटॉप बिचारा हुकमाचा ताबेदार. त्यानं भरलेली डिस्क कोरीसारखी हुबेहूब कोरी करून ठेवली.

दुकानदारानं घेतानाच बजावलं होतं, एक काळी घ्या, एक लाल, म्हणजे घोळ होत नाही. पण लाल डिस्क साहेबांना खेळणं वाटली होती. त्याच दुकानदाराला सकाळी फोन केला, तर तो म्हणाला, या डिस्कवरचं एकदा गेलं ते गेलं.

येताना जिन्यात साउंडवाली म्हणाली होती, "खरं काय ते सांग त्यांना."

"काय सांगू? कबुतरं काढली म्हणून?"

"मग सोड ना त्यांना. नको विचारूस."

"आणि सिनेमा?"

आता तिनं आजींच्या पदराला माइक लावला, पंखा बंद केला आणि कोपऱ्यात हेडफोन घालून बसली.

"मशीन बिघडलं होतं," डायरेक्टरनं आजींना सांगितलं.

"मशीनच ते, बिघडायचंच," आजी त्याचीच समजूत घालत म्हणाल्या, आणि सांगायला लागल्या. कुलूप, किल्ली, धूर, सगळं ओळीनं आलं. काल नऊ मिनिटं लागली होती, आज चारात संपलं. डॉक्टरला दुखणं सांगावं तसं सांगून त्या मोकळ्या झाल्या.

"छान, आजी, छानच. फक्त काल तुम्ही किल्लीपाशी थांबला होतात ना..."

"थांबले होते?"

"हो. आणि हात असे." त्यानं स्वतःचे हात मांड्यांखाली घालून दाखवले. "आज ते झालं नाही."

"नाही झालं," आजी ओशाळून म्हणाल्या. क्षणभर त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "किती वेळ थांबू?"

साउंडवालीनं मान खाली घातली.

"पाचेक सेकंद," डायरेक्टर म्हणाला.

आजींनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. किल्लीपाशी आल्या, हात मांड्यांखाली गेले, बोलणं थांबलं. डायरेक्टरनं कॅमेरा हळूच त्या दबलेल्या मनगटांवर नेला. कालचं यापुढे काहीच नव्हतं. बरं झालं पुसलं गेलं ते, असं त्याच्या मनात येऊन गेलं आणि त्याला त्याची लाजही वाटली नाही.

"झालं! जमलं!" तो ओरडलाच. आज मात्र हयगय नाही. आजींच्या औषधांच्या डब्यातली चिकटपट्टी कापून त्यानं एका डिस्कवर खूण केली, दोन्ही डिस्क लॅपटॉपला लावल्या आणि प्रती करायला सोडल्या.

साउंडवाली उठली. तिनं हेडफोन त्याच्या कानांवर चढवले आणि किल्लीपाशीची जागा लावली. आधी त्याला काही समजेना. मग अगदी पुसट, ओठांतल्या ओठांत, आजींचा आवाज ऐकू आला. एक. दोन. तीन. चार. पाच. आणि मग, "किल्ली माझ्यापाशी होती."

त्यानं हेडफोन उतरवले.

"हे काढता येईल ना?"

"येईल," साउंडवाली म्हणाली.

"पाच झाले ना बरोबर?" खुर्चीतून आजींनी विचारलं. त्यांचे हात अजून मांड्यांखालीच होते. "का परत सांगू?"

डायरेक्टरनं लॅपटॉपवरून नजर काढली नाही.

"थांबा, आजी. आधी कॉपी होऊ दे."