आता दिसतंय का?

“अगं, तुझा कॉम्प्युटर दिसतच नाहीये इथे!” प्राध्यापक खालच्या खोलीतून ओरडले.

“राउटर बंद करून चालू करा,” बायको वरून म्हणाली. “आणि मागची वायर हलली नाही ना, तेही बघा.”

कडक इस्त्रीचा शर्ट घालून तयार झालेले प्राध्यापक टेबलाखाली शिरले. संध्याकाळी त्यांचं भाषण होतं, रानातल्या पक्ष्यांच्या आवाजांवर. आवाज मात्र बायकोच्या कॉम्प्युटरवर होते, कारण भल्या पहाटे ओल्या गवतात बसून ते तिनेच रेकॉर्ड केले होते. घरातला पेनड्राइव्ह प्राध्यापक कुणाला तरी देऊन आले होते. कुणाला, ते त्यांना आठवत नव्हतं.

वरच्या खोलीत सून कपड्यांच्या घड्या घालत होती. तिची नजर सहज सासूबाईंच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर गेली.

“आई, तुमच्याच फोल्डरचं शेअरिंग बंद आहे. बाबांना दिसणार कसं?”

“माहितीये. मीच केलंय बंद.”

सुनेच्या हातातली चादर अर्धवट घडीतच राहिली.

सासूबाई जिन्याच्या कठड्यावर वाकल्या. “अहो, आता दिसतंय का?” आवाज अगदी साखरेसारखा.

“नाही!”

“मग फायरवॉलचं काहीतरी असेल. आणि तुम्ही आपल्याच वायफायवर आहात ना? शेजाऱ्यांच्या नाही?”

“मला काय दूधखुळा समजतेस? तूच काहीतरी घोळ घातलेला असणार!”

“असेलही. एकदा लॅपटॉप बंद करून चालू करून बघा बरं.”

खालून खुर्ची जोरात सरकल्याचा आवाज आला.

“आई, त्यांना उशीर होतोय,” सून दबक्या आवाजात म्हणाली. “कशाला छळताय?”

सासूबाई तिच्याजवळ पलंगावर टेकल्या. “गेल्या वर्षीचं भाषण ऐकलंस ना तू? प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला मी माझं नाव सांगते, जागा सांगते, मग गप्प बसते. तशी पद्धतच आहे. ह्यांनी एकेक फाइल उघडून माझा आवाज तेवढा कापून टाकला. मी शेजारी भाजी चिरत होते. आणि व्यासपीठावर म्हणाले, ‘मी श्वास रोखून बसलो होतो.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.”

फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. “साहेब, निघायला हवं!” ड्रायव्हरची हाक आली.

सासूबाई उठल्या, कॉम्प्युटरसमोर बसल्या आणि त्यांनी शेअरिंग सुरू केलं.

“अहो, आता बघा.”

“आलं! आलं! बघ, बिघाड तुझ्याकडेच होता!” प्राध्यापकांनी घाईघाईने सगळं फोल्डर उतरवून घेतलं.

“एकदा लावून बघता का?”

“आता कुठला वेळ? तिथेच लावतो थेट.”

लॅपटॉप काखेत मारून ते धावत बाहेर पडले. गाडीचं दार धाडकन लागलं.

सुनेला राहवेना. तिने पहिली फाइल सुरू केली. थोडी खरखर, वाऱ्याची सळसळ, मग थंडीने जरासा कापणारा, पण ठाम आवाज. सासूबाईंनी आपलं नाव सांगितलं होतं, माहेरच्या आडनावासकट. सुनेने ते आडनाव या घरात पहिल्यांदाच ऐकलं. त्यानंतर कुठेतरी लांबवर सुतारपक्षी खोडावर टकटक करू लागला.

“आई,” ती हळूच म्हणाली, “सगळ्या फायलींत असंच आहे?”

सासूबाई आरशासमोर केस विंचरत होत्या.

“तू येतेस का? सभागृह मोठं आहे,” त्या म्हणाल्या. “स्पीकरही नवीन बसवलेत म्हणे.”