येते हं, अप्पा

"येते हं, अप्पा," अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांना सांगून सुमेधाने दार ओढलं. नवरा ऑफिसला गेला तरी त्याच्या कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड घरी एकटंच गेम खेळत बसायचं आणि अख्ख्या बिल्डिंगएवढी वीज ओढायचं. कनेक्टर वितळायचे. म्हणून प्लग ओढून काढायला धडधाकट माणूस घरात असेल, तरच घराची स्मार्ट यंत्रणा कार्ड चालू ठेवायची.

मंडईत ती मेथीची जुडी बघत होती, तेवढ्यात यंत्रणेचा फोन आला.

"ताई, प्लगमधून धूर येतोय, स्विच चिकटलाय. हातानेच ओढून काढा."

"अगं, मी बाहेर आहे!"

"पण मघाशी तुम्हीच म्हणालात, येते."

फोनमध्ये मागे अप्पा खोकत होते.

"सुमेधा, आलीस का गं?"