पाच बोटं

नव्या गाडीच्या पूजेला वच्छलाबाईंनी ओल्या हळदीचा पंजा थेट पांढऱ्या सीटवर उमटवला, तेव्हा त्यांचा लेक गजेंद्र कसनुसा हसला. पुढचे तीन रविवार, आईची पाठ वळली की शाम्पू, टूथपेस्ट, खायचा सोडा, जे हाती लागेल ते घेऊन तो सीट घासत बसला. शेवटी एकदाची पाचही बोटं गेली.

आज गोरेगावच्या बाजाराला निघताना वच्छलाबाई सीटपाशी थबकल्या. "काऊन रे, हात कुठं गेला?"

"उन्हानं उडाला, माय," गजेंद्र साळसूदपणे म्हणाला.

"वाटलंच होतं मले." त्यांनी पदराआडची वाटी पुढं केली.

"म्हणून या खेपेला शेंदूर तेलात कालवून आणला. सरक, आता दोन्ही हात उमटवू दे."